कुटुंबसाहाय्य कार्यक्रम, महाराष्ट्रातील

कुटुंबसाहाय्य कार्यक्रम : गर्भवती, बाळंतीण, नवजात अर्भक व लहान मूल यांचे संगोपन करणाऱ्या कुटुंबाला त्याच्या घरी अथवा गावातच माहिती, कौशल्य, प्राथमिक उपचार व मानसिक आधार पुरविणारी संघटित योजना. रुग्णालय, बालगृह किंवा शाळा यांसारख्या संस्थांत व्यक्तीला काही काळ कुटुंबापासून वेगळे करून सेवा दिली जाते. कुटुंबसाहाय्य कार्यक्रमात याउलट सेवा देणारी व्यक्ती कुटुंबाकडे जाते आणि आई, आजी, वडील या नित्य सांभाळ करणाऱ्यांचे सामर्थ्य वाढविण्याचा प्रयत्न करते. अशा कार्यक्रमाचा परिणाम तुलनात्मक पाहणीने मोजला गेला असेल आणि त्याची कार्यपद्धती त्या पाहणीतून सिद्ध झालेल्या नियमांवर आधारलेली असेल, तर त्यास पुराव्याधिष्ठित कार्यक्रम म्हणतात.

एखादी पद्धती उपयुक्त ठरणे आणि ती समाजात टिकून राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी निवडक गावे, निष्ठावंत संशोधक आणि काटेकोर नोंदी पुरेशा होतात. दुसरीसाठी सामान्य तालुक्यातील सामान्य शासकीय यंत्रणेला ती पद्धती पेलावी लागते. महाराष्ट्रात जामखेड, कासा, गडचिरोली ही नावे प्रयोगांमुळे प्रसिद्ध झाली. परंतु बुलढाणा जिल्ह्यातील नांदुऱ्यासारख्या, प्रयोगक्षेत्र म्हणून प्रसिद्ध नसलेल्या तालुक्यात त्या प्रयोगांचे काय उरते, हीच त्यांची खरी कसोटी होय. या दृष्टीने राज्यातील कुटुंबसाहाय्य कार्यक्रमांचा इतिहास उद्‌बोधक आहे.

पूर्वपीठिका : प्रसूती व शिशुसंगोपन यांभोवती महाराष्ट्रीय कुटुंबात पूर्वापार एक आधारव्यवस्था होती. पहिल्या बाळंतपणासाठी मुलीने माहेरी जावे, सुईणीने बाळंतिणीचे न्हाणे-शेकणे करावे, पाचवी-सटवीच्या रात्री जागरण करावे, बाराव्या दिवशी बारसे करावे आणि सव्वा महिन्यापर्यंत बाळंतिणीला कष्टाच्या कामापासून दूर ठेवावे, असा हा क्रम होता. जन्मानंतरचा पहिला आठवडा धोक्याचा असतो, हा अनुभव या चालीरीतींत साठविलेला दिसतो. नवजात अर्भकांच्या मृत्यूंपैकी बहुतेक मृत्यू पहिल्या आठवड्यातच होतात, असे आधुनिक पाहण्यांनीही दाखविले आहे. तथापि या व्यवस्थेत धोका ओळखण्याची जाण असली, तरी तो टाळण्याची साधने नव्हती. पहिले चिकाचे दूध टाकून देणे, बाळाला साखरपाणी वा मध चाटविणे, जन्मतःच आंघोळ घालणे यांसारख्या काही प्रथा तर अपायकारकच होत्या. जुन्या व्यवस्थेतील आपुलकी राखून तिला नव्या ज्ञानाची जोड देणे, हे पुढील सर्व कार्यक्रमांचे समान उद्दिष्ट राहिले.

संस्थेने कुटुंबाच्या दाराशी जावे, या विचाराचा महाराष्ट्रातील एक महत्त्वाचा प्रयोग बालशिक्षणाच्या क्षेत्रात झाला. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–९२) याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असे दिसताच वस्तीतील अंगणातच बालवाडी भरविण्यात आली; अंगणवाडी हे नाव त्यातून रूढ झाले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम आदिवासी मुलांसाठी विस्तारले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही चालविण्यात आली. मुलाला स्वच्छ करणे, खाऊ देणे, आईशी बोलणे ही येथे शिक्षणाचीच अंगे मानली गेली. या प्रयोगाचे सांख्यिकीय मूल्यमापन झाले नाही. परंतु सेवेची जागा, वेळ व भाषा कुटुंबाच्या सोयीने ठरवावी, हे तत्त्व त्याने घालून दिले.

जामखेड : रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व मेबल आरोळे (१९३५–९९) या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्यात सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांना गावोगावी नेमून पाहण्यात आले. परंतु परगावच्या परिचारिका खेड्यात रमेनात आणि गावातील स्त्रियाही त्यांच्याशी मोकळेपणाने बोलेनात. म्हणून प्रत्येक गावातून एका स्त्रीची निवड करून तिला आरोग्यसेविका करण्यात आले. यांपैकी अनेक जणी निरक्षर, प्रौढ व तथाकथित खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील होत्या. त्या आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जामखेडला येत, गावातील प्रश्न मांडीत, नवा विषय शिकत आणि परत जाऊन तो घरोघरी सांगत. शेतकरी मंडळे व महिला मंडळे त्यांच्या पाठीशी उभी करण्यात आली.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार तेथील बालमृत्युमान (एक वर्षाच्या आतील मृत्यू, दर हजार जिवंत जन्मांमागे) १९७१ मध्ये १७६ होते. ते १९७६ पर्यंत ५२ वर आले. या कार्याबद्दल आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसायसाय पुरस्कार मिळाला. प्रारंभी जामखेडमध्ये तुलनेसाठी स्वतंत्र गावे राखलेली नव्हती. त्यामुळे ही घट कितपत प्रकल्पामुळे व कितपत सर्वसाधारण सुधारणेमुळे झाली, हे निश्चित सांगणे कठीण होते. ही उणीव २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने अंशतः भरून काढली. प्रकल्पातील गावांची परिसरातील इतर गावांशी तुलना करता, पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पक्षेत्रात सु. ३० टक्क्यांनी कमी असल्याचे तीत आढळले. चार दशकांनंतरही परिणाम टिकून असल्याचा हा पुरावा महत्त्वाचा आहे. आरोग्यसेविका गावातीलच होती, तिचे शिक्षण कधी संपले नाही आणि तिला गावातील संघटनेचा आधार होता, ही त्यामागील प्रमुख कारणे मानली जातात.

जामखेडसारख्या प्रयोगांच्या प्रभावाने केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७७ रोजी ग्राम आरोग्यरक्षकांची देशव्यापी योजना सुरू केली. तीत मूळ कल्पनेचे बाह्य रूप उचलले गेले, गाभा मात्र सुटला. निवडलेल्यांत पुरुषांचे प्रमाण फार मोठे होते. बाळंतिणीच्या खोलीत ज्याला प्रवेश नाही, असा कार्यकर्ता नवजात अर्भकाला साहाय्य करू शकत नव्हता. प्रारंभीच्या प्रशिक्षणानंतर सतत शिकविण्याची व्यवस्थाही क्षीण राहिली. काही वर्षांतच ही योजना निस्तेज झाली.

कासा व एकात्मिक बालविकास सेवा योजना : तत्कालीन ठाणे (२०१४ पासून पालघर) जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील कासा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात, बालरोगतज्ज्ञ पी. एम. शहा यांच्या मार्गदर्शनाखाली १९७० नंतरच्या दशकात माता-बाल आरोग्य व पोषण प्रकल्प राबविण्यात आला. स्थानिक स्त्रियांना अर्धवेळ कार्यकर्त्या म्हणून नेमून त्यांच्याकडून मुलांची नियमित वजने घेण्यात आली आणि ज्यांना सर्वांत अधिक धोका आहे, अशा मुलांवर लक्ष केंद्रित करण्यात आले. सर्वांना सारखे थोडेसे देण्याऐवजी नेमके कोणाच्या घरी वारंवार जावे, हे वजनाच्या तक्त्यावरून ठरविण्याची ही रीत पुढे सर्वत्र रूढ झाली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, शालापूर्व शिक्षण आणि स्त्रियांना आरोग्य व आहार यांविषयीचे शिक्षण अशा सहा सेवा अंगणवाडीमार्फत देण्याची कल्पना तीत होती. बोर्डीच्या अंगणात जन्मलेले नाव अशा रीतीने देशभर पोहोचले. सर्वोच्च न्यायालयाने २००१ व २००६ मध्ये दिलेल्या आदेशांमुळे प्रत्येक वस्तीत अंगणवाडी असणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. परंतु विस्ताराबरोबर कामाचा भार आहारवाटप व नोंदवह्या यांकडे झुकला. सहाव्या सेवेला, म्हणजे घरी जाऊन आईशी व आजीशी बोलण्याला, सर्वांत कमी वेळ मिळू लागला. वस्तुतः तीन वर्षांखालील मूल अंगणवाडीत क्वचितच येते. त्याला मिळणारा आहार, झोप व सहवास घरातच ठरतो.

गडचिरोली : महाराष्ट्रातील पुराव्याधिष्ठित कार्यक्रमांत गडचिरोलीच्या प्रयोगास मध्यवर्ती स्थान आहे. अभय बंग व राणी बंग या डॉक्टर दांपत्याने गडचिरोली येथे स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने १९८६ पासून तेथे काम सुरू केले. प्रथम बालकांतील न्यूमोनिया या विषयावर १९८८ मध्ये प्रयोग हाती घेण्यात आला. गावातील लोक या रोगाला ‘लहाक’ व ‘डब्बा’ या शब्दांनी ओळखत; प्रशिक्षणात हेच शब्द वापरण्यात आले. मोजणी न येणाऱ्या सुईणींसाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मणी असलेले साधे श्वासमापक तयार करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा आणि वाळू संपण्यापूर्वी शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध द्यावयाचे, अशी त्याची योजना होती. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रयोगक्षेत्रातील बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनाक्षेत्राच्या निम्म्याहून कमी होते.

त्यानंतरही उरलेल्या मृत्यूंत पहिल्या महिन्यातील अर्भकांचे प्रमाण मोठे असल्याचे दिसून आले. या वयातील आजारी बाळाला रुग्णालयात न्यावे, हा वैद्यकशास्त्राचा प्रस्थापित सल्ला होता; परंतु त्या भागातील बहुसंख्य प्रसूती घरीच होत आणि सव्वा महिन्याच्या आतील बाळाला घराबाहेर काढण्यास कुटुंब राजी नसे. म्हणून उपचारच घरी नेण्याचे ठरले. १९९३ ते १९९५ या काळात ३९ प्रयोगगावे व ४७ तुलनागावे यांत आधारभूत नोंदी घेण्यात आल्या आणि १९९५ पासून प्रयोगगावांत नवजात बालकांची गृहाधिष्ठित सेवा सुरू झाली. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. त्या गर्भवतीच्या घरी जाऊन तयारी करून घेत, प्रसूतीच्या वेळी सुईणीबरोबर हजर राहत, गुदमरलेल्या बाळाला श्वास देत, वजन करीत, कमी वजनाच्या बाळाला उबदार ठेवण्यास शिकवीत, स्तनपानास मदत करीत आणि पहिल्या महिन्यात ठरलेल्या दिवशी पुनःपुन्हा भेट देत. जंतुसंसर्गाची लक्षणे आढळल्यास कुटुंबाच्या संमतीने त्या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. त्यांच्या कामाची व नोंदींची तपासणी दर पंधरवड्याला होत असे.

प्रयोगगावांतील नवजात मृत्युमान (पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू, दर हजार जिवंत जन्मांमागे) १९९३–९५ मध्ये ६२ होते. ते १९९७–९८ मध्ये २५·५ झाले. तुलनागावांत याच काळात ते ६० च्या आसपासच राहिले. जंतुसंसर्ग झालेल्या अर्भकांतील मृत्यूंचे प्रमाण १६·६ टक्क्यांवरून २·८ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९९३ ते २००३ या दहा वर्षांच्या पाहणीत नवजात मृत्युमानातील घट सु. ७० टक्के असल्याचे दिसून आले. परिणाम ओसरला नाही, उलट वाढत गेला, ही गोष्ट कार्यक्रमाच्या सातत्याच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

इतर देशांतील अनुभव : घरभेटींच्या परिणामकारकतेचा पुरावा अन्यत्रही मिळाला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे डेव्हिड ओल्ड्‌स यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रथमच माता होणाऱ्या, मुख्यतः गरीब अथवा अल्पवयीन स्त्रियांकडे परिचारिकांच्या नियमित भेटींचा प्रयोग सुरू केला. जमेकातील किंग्स्टन येथे सॅली ग्रँटहॅम-मॅग्रेगर व सहकाऱ्यांनी १९८६–८७ पासून खुरटलेल्या मुलांच्या घरी दर आठवड्याला जाऊन आईला मुलाशी खेळण्यास शिकविले. ही मुले २२ वर्षांची झाल्यावर त्यांची कमाई इतर तशाच मुलांच्या तुलनेत सु. २५ टक्क्यांनी अधिक आढळली. उत्तर प्रदेशातील शिवगड व बांगला देशातील सिल्हेट येथील प्रयोगांत (२००८ मध्ये प्रसिद्ध) नवजात मृत्युमान अनुक्रमे सु. ५४ व ३४ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून नवजात अर्भकांसाठी घरभेटींची शिफारस केली.

प्रयोगाचा प्रसार : गडचिरोलीचे यश संशोधकांच्या व्यक्तिगत उपस्थितीमुळे आहे काय, ही शंका साहजिक होती. तिचे उत्तर शोधण्यासाठी २००१ ते २००५ या काळात महाराष्ट्रातील सात स्वयंसेवी संस्थांनी ‘अंकुर’ प्रकल्पाद्वारे आपापल्या क्षेत्रात हीच पद्धती राबविली. तेथेही नवजात मृत्युमान जवळजवळ निम्म्याने घटले. राज्य शासनाने नेमलेल्या बालमृत्यू मूल्यमापन समितीच्या २००४ मधील अहवालाने प्रत्यक्षात होणारे अनेक बालमृत्यू शासकीय नोंदींत येत नाहीत, हे उघड केले. बुलढाणा जिल्ह्याच्या ईशान्येस असलेल्या मेळघाटातही आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने आदिवासी गावांत गृहाधिष्ठित बालसेवेचा तुलनात्मक प्रयोग केला.

एप्रिल २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने दर हजार लोकसंख्येमागे एक ‘आशा’ कार्यकर्ती नेमण्याचे ठरविले. महाराष्ट्रात ही योजना आधी आदिवासी भागात व नंतर इतरत्र लागू झाली. १९७७ च्या योजनेतील चूक सुधारून या वेळी स्त्रीचीच निवड करण्यात आली. २०११ मध्ये केंद्र शासनाने नवजात बालकांच्या गृहाधिष्ठित सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ‘आशां’च्या प्रशिक्षणाचे सहावे व सातवे पुस्तक गडचिरोलीच्या अनुभवावर आधारलेले होते. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी आणि घरी झाली असल्यास पहिल्या दिवसासह सात भेटी ठरविण्यात आल्या. त्यांसाठी २५० रुपये मोबदला ठेवण्यात आला. २०१८ पासून तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी आणखी पाच भेटींची भर पडली.

या प्रसारात मूळ पद्धतीचे काही घटक बदलले. प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्याने जन्मक्षणी हजर राहण्याचे काम गावातील स्त्रीकडे उरले नाही. इंजेक्शन देण्याचा अधिकार ‘आशा’ला देण्यात आला नाही, २०१४ च्या सुधारित तत्त्वांनुसार, कुटुंब बाळाला रुग्णालयात नेण्यास तयार नसेल, तर तो साहाय्यक परिचारिकेला मिळाला. पंधरवड्याच्या तपासणीची जागा गटप्रवर्तकांच्या देखरेखीने घेतली. एका गटप्रवर्तकाकडे अनेक गावे असल्याने ती विरळ झाली. मोबदल्याच्या अटीही विचारणीय आहेत. २०११ च्या तत्त्वांनुसार तो बेचाळिसाव्या दिवसानंतर, आई व मूल दोघेही सुखरूप असल्यास देय होता. त्यामुळे ज्या घरात बाळ दगावले, तेथे केलेल्या भेटींना मोल राहिले नाही. कुटुंबाला आधाराची सर्वाधिक गरज नेमकी अशाच वेळी असते. शिवाय मृत्यूची प्रामाणिक नोंद करण्याचा उत्साहही अशा अटीने कमी होऊ शकतो.

तथापि एकंदर परिस्थिती सुधारली, हे निर्विवाद आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार महाराष्ट्राचे बालमृत्युमान २०११ मध्ये २५ होते. ते २०२० मध्ये १६ वर आले. त्या वर्षी भारताचे बालमृत्युमान २८ होते. या घटीचे श्रेय रुग्णालयातील प्रसूती, नवजात अतिदक्षता कक्ष, लसीकरण व घरभेटी यांना एकत्रितपणे द्यावे लागते.

पोषणाच्या बाबतीत यश इतके स्थिर राहिले नाही. राज्य शासनाने २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनची स्थापना केली. ज्यांचे नाव या मिशनला दिले, त्या जिजाबाईंचे जन्मस्थान सिंदखेड राजा हे बुलढाणा जिल्ह्यातच आहे. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांवर या मिशनने भर दिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५–०६ मध्ये राज्यातील पाच वर्षांखालील ४६·३ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. हे प्रमाण २०१५–१६ मध्ये ३४·४ टक्क्यांवर आले. परंतु २०१९–२१ मध्ये ते ३५·२ टक्के आढळले. पहिल्या दशकात झपाट्याने झालेली घट पुढे थांबली. मृत्यू टाळण्यासाठी मोजक्या भेटी पुरतात. वाढीसाठी मात्र पाणी, अन्न, आईची विश्रांती आणि रोजचा सांभाळ यांत बदल व्हावा लागतो, असा त्याचा अर्थ लावता येतो.

सर्वसाधारण तालुक्यातील स्वरूप : नांदुरा हे ज्ञानगंगा नदीकाठचे, मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावरील तालुक्याचे ठिकाण व कापसाची जुनी बाजारपेठ. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात हा भाग येतो. तेथील भूजल क्षारयुक्त असल्याने पिण्याच्या पाण्याची अडचण जुनी आहे. कापूस, तूर, सोयाबीन ही येथील प्रमुख पिके होत. हा आदिवासी तालुका नाही, म्हणून विशेष योजनांचा लाभ त्यास सहसा होत नाही. अशा तालुक्यात कुटुंबसाहाय्याचा सारा भार ठराविक यंत्रणेवर असतो : बालविकास प्रकल्प अधिकारी, पर्यवेक्षिका, अंगणवाडी सेविका व मदतनीस ही एक साखळी, आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, परिचारिका व ‘आशा’ ही दुसरी. दोन्ही साखळ्या एकाच घराच्या दारापर्यंत पोहोचतात, परंतु त्यांची खाती, नोंदवह्या व वरिष्ठ वेगवेगळे असतात.

अशा प्रदेशातील कामाच्या अडचणी नाट्यपूर्ण नसतात, म्हणून त्या अहवालात उमटत नाहीत. निंदणी व कापूसवेचणीच्या हंगामात आई दिवसभर शेतात असते. दुपारी भेटीस गेलेल्या कार्यकर्तीला घरी आजी व मूल एवढेच भेटतात. सल्ला आजीला दिला गेला नाही, तर भेट व्यर्थ जाते. म्हणून ज्या कार्यक्रमांत आजी व सासू यांना सहभागी करून घेतले जाते, तेच मूळ धरतात. माहेरी बाळंतपणाच्या प्रथेमुळे दुसरी अडचण उद्‌भवते. गर्भवतीची नोंद सासरच्या गावात असते, प्रसूती माहेरच्या तालुक्यात होते आणि सव्वा-दोन महिन्यांनी बाळ सासरी येते. बेचाळीस दिवसांच्या सहा भेटी कोणत्या गावच्या ‘आशा’ने द्याव्यात, हा प्रश्न दोन तालुक्यांच्या सीमेवर अडकतो आणि सर्वाधिक धोक्याचे दिवस दोन्ही नोंदवह्यांत कोरे राहू शकतात. शासकीय मोबदल्याचा बेचाळिसावा दिवस व परंपरेतील सव्वा महिना जवळजवळ एकच असूनही, दोहोंची सांगड घालण्याचे काम कार्यकर्तीच्या व्यक्तिगत समजुतीवर सोडलेले असते. हंगामात ज्या कुटुंबांना रोजगारासाठी गाव सोडावे लागते, त्यांच्या बाबतीतही हेच घडते.

कुटुंबसाहाय्याची गरज केवळ बालसंगोपनापुरती नाही, हेही याच भागाने दाखविले आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे पश्चिम विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांनी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पाने गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फत नैराश्यग्रस्तांना आधार व उपचार पोहोचविले. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४·३ टक्क्यांवरून २७·२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. राज्य शासनाने विदर्भ व मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांसाठी सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात बुलढाण्याचा समावेश झाला. तेथेही शेतकरी कुटुंबांची विचारपूस करण्याचे काम ‘आशा’वरच सोपविले गेले.

सातत्याचे प्रश्न : वरील इतिहासातून कार्यक्रम टिकण्याच्या काही अटी स्पष्ट होतात. पहिली अट म्हणजे कार्यकर्ती गावातील स्त्री असणे. ही आता सर्वमान्य झाली आहे. दुसरी अट सतत शिक्षण व सहृदय देखरेख यांची. जामखेडचा आठवड्याचा दिवस आणि गडचिरोलीची पंधरवड्याची तपासणी यांचा शासकीय व्यवस्थेतील पर्याय म्हणजे मासिक बैठक. परंतु ती बहुधा आकडे गोळा करण्यात संपते. तिसरी अट नोंदींच्या सचोटीची. जामखेड व गडचिरोली येथे मृत्यूची नोंद ही शिकण्याची संधी होती. शासकीय यंत्रणेत ती दोषारोपाचे कारण ठरण्याचा धोका असतो. असा धोका असेल तेथे पुराव्यावर आधारलेला कार्यक्रम पुरावाच गमावून बसतो.

चौथी अट कार्यकर्तीच्या दर्जाची. अंगणवाडी सेविका व ‘आशा’ यांना कायद्याच्या दृष्टीने दीर्घकाळ मानसेवी मानण्यात आले. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी २०१७ मध्ये व पुन्हा २०२३–२४ च्या हिवाळ्यात मानधनवाढीसाठी दीर्घ संप केले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्याचा हक्क मान्य केला. नवनवीन सर्वेक्षणे, मोहिमा व भ्रमणध्वनीवरील नोंदी यांचा भार मात्र वाढतच राहिला. प्रत्येक नवा कार्यक्रम त्याच एका स्त्रीच्या दिवसातून वेळ मागतो. तिला बाळंतिणीजवळ निवांत बसण्यास किती वेळ उरतो, यावर सर्वच कार्यक्रमांचे भवितव्य अवलंबून असते.

या दृष्टीने अलीकडील काही प्रयत्न उल्लेखनीय आहेत. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, युनिसेफ व राज्याची एकात्मिक बालविकास सेवा योजना यांच्या सहकार्याने सुरू झालेल्या ‘आरंभ’ या उपक्रमात अंगणवाडी सेविकांना घरभेटीत मुलाशी खेळणे व बोलणे यांविषयी पालकांना शिकविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले आणि पालक मेळाव्यांतून वडील व आजी-आजोबा यांनाही सहभागी करून घेण्यात आले. स्वतंत्र यंत्रणा न उभारता असलेल्या कार्यकर्तीचेच कौशल्य टप्प्याटप्प्याने वाढविण्याची ही रीत सर्वसाधारण तालुक्यास परवडणारी आहे.

महाराष्ट्रातील प्रयोगांनी अल्पशिक्षित ग्रामीण स्त्री बाळाचे प्राण वाचवू शकते, हे शंकेपलीकडे सिद्ध केले. ते सिद्ध करण्यासाठी गडचिरोलीत ३९ गावे पुरली. त्याचा लाभ सर्वांना मिळण्यासाठी नांदुऱ्यासारख्या प्रत्येक तालुक्यात तिसऱ्या दिवसाची भेट तिसऱ्याच दिवशी व्हावी, सासर व माहेर यांच्या नोंदवह्या एकमेकींना मिळाव्यात, भेट देणारीला तिच्या कामाचे मोल मिळावे आणि बाळ दगावले, तर त्याची नोंद निर्भयपणे करता यावी, एवढ्या गोष्टी घडणे आवश्यक आहे.